शाईपेन सारखे अडते? आधी शाईची वाट तपासा, निब सगळ्यात शेवटी

शाईपेन लिहिता लिहिता अडते. झटकले की दोन ओळी चालते आणि पुन्हा थांबते. धुतले की आठवडाभर बरे चालते, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यावर बहुतेक जण जो उपाय करतात तोच पेनाच्या मुळावर येतो: निब कागदावर दाबायची, तिची दोन पाती फाकवायची आणि शाई जबरदस्तीने खाली आणायची. थोडा वेळ पेन चालतेही. पण एकदा फाकलेली निब पूर्वीसारखी करायला कसबी हात आणि भिंग लागते. उलट पेन धुणे, शाई बदलणे, कागद बदलणे यांतून काहीही बिघडत नाही. दोष बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी सापडतो, म्हणून क्रम तोच ठेवावा.

शाई बाहेर यायची तर हवा आत जायला हवी

पेनातली शाई केवळ वजनाने खाली येत असती, तर टोपण काढल्याबरोबर सगळी शाई कागदावर सांडली असती. तसे होत नाही, कारण टाकीचे मागचे तोंड बंद असते. पाण्यात बुडवलेल्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून ती उचलली, तर पाणी आतच राहते. पेनातही तेच घडते. थोडी शाई बाहेर गेली की आतल्या हवेचा दाब किंचित घटतो आणि बाहेरची हवा उरलेल्या शाईला धरून ठेवते. आणखी शाई हवी असेल तर एक बुडबुडा आत जायला हवा. तो आत गेला की तेवढीच शाई बाहेर पडते.

हा व्यवहार निबेखालच्या फीडमध्ये, म्हणजे टाकीतली शाई निबेपर्यंत नेणाऱ्या खाचांच्या तुकड्यात चालतो. फीडच्या वरच्या अंगाला, निबेला चिकटून, एक किंवा अधिक बारीक खाचा असतात. त्यांतून शाई केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या ओढीने, पुढे सरकते. तिच्याच जोडीला हवेसाठी थोडी रुंद वाट ठेवलेली असते. लुइस एडसन वॉटरमन यांनी १८८४ साली अमेरिकेत ज्या फीडचे पेटंट घेतले, त्याचे मर्म हेच होते. फीडच्या पोटाशी ज्या आडव्या, पातळ खाचा दिसतात त्या शोभेच्या नाहीत. गरजेपेक्षा जास्त शाई आली तर ती तिथे थोपून राहते, थेंब होऊन पडत नाही.

पुढची वाट निबेच्या चिरेतून जाते. ही चीर गोल छिद्रापाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती असायला हवी. वाट जितकी अरुंद तितकी केशाकर्षणाची ओढ जास्त, म्हणून शाई आपोआप टोकाकडे खेचली जाते. टोकाला आलेली शाई कागदाच्या तंतूंना टेकली की शेवटची ओढ कागद घेतो. टाकी, फीड, चीर, कागद असे हे चार टप्पे आहेत, आणि पेन अडले म्हणजे यांतला एखादा टप्पा तुटला.

कुठे तुटले ते ओळखायचे कसे

पेन थांबले की झटकू नका. झटकल्याने शाई पुढे येते आणि पुरावा पुसला जातो. निब उलटी करून तिच्याखालचे फीड पाहा. खाचा ओल्या आहेत, चिरेत शाई चमकते आहे आणि तरीही कागदावर उमटत नाही, तर अडथळा टोकाशी किंवा कागदात आहे. फीड कोरडे पडले असेल, तर मागून शाईच येत नाही. ही एक खूण नीट पाहिली तर निम्मे काम झाले.

त्यानंतर अडण्याची तऱ्हा पाहायची. अर्ध्या पानानंतर अक्षर फिकट होत गेले, मग थांबले आणि पेन पाच मिनिटे तसेच ठेवल्यावर पुन्हा चालले, तर शाई येते आहे पण पुरेशा वेगाने येत नाही. फीडमध्ये वाळलेली शाई साचली असावी किंवा हवेचा बुडबुडा आत जाताना अडत असावा.

रात्रभर ठेवल्यावर सकाळी पहिले अक्षर उमटत नाही आणि एकदा सुरू झाल्यावर तक्रार नाही, तर निबेवरची शाई वाळते आहे. टोपण तपासा. टोपणाच्या आत बरेचदा एक छोटे आतले टोपण असते आणि ते निबेभोवती हवाबंद बसायला हवे. त्याला तडा गेला किंवा ते खाली सरकले, तर पेनातले पाणी उडत राहते. तपासायला सोपी युक्ती आहे. टोपण आतून धुऊन घ्या, उघडे तोंड ओठांना लावून हवा ओढा. हवा सहज येत असेल तर कुठून येते ते बोटाने दाबून शोधा. क्लिपेपाशी किंवा माथ्यावर छिद्र दिसले म्हणून लगेच बुजवू नका. लहान मुलाने टोपण गिळले तर श्वास चालू राहावा म्हणून काही टोपणांना मुद्दाम छिद्र ठेवतात. अशा पेनात हवा रोखायचे काम आतल्या टोपणाचे असते.

लिहिताना प्रत्येक शब्दाची पहिली रेघ उमटतच नाही आणि पुढची रेघ भरदार येते, हा प्रकार वेगळा. यात दोष टोकाच्या घासणीत असतो, त्याबद्दल पुढे सांगितले आहे. एकाच दिशेची रेघ तुटत असेल, म्हणजे खालून वर जाताना उमटते आणि डावीकडून उजवीकडे जाताना नाही, तर निबेची पाती एका पातळीत नाहीत. आणि पेन फक्त पानाच्या खालच्या भागात अडत असेल, तर पेन निर्दोष आहे. लिहिताना तळहात कागदावर घासतो, त्वचेचे तेल कागदावर उतरते आणि तिथे पाण्याची शाई धरत नाही. हाताखाली एक कोरा कागद ठेवला की हा प्रश्न मिटतो. या एका कारणापायी अनेक चांगल्या निबा उगाच घासल्या गेल्या आहेत, म्हणून हे ठासून सांगावेसे वाटते.

धुणे, पण नीट

नळाखाली दोन मिनिटे धरणे म्हणजे पेन धुणे नव्हे. फीडच्या खाचा इतक्या बारीक असतात की वरून ओतलेले पाणी त्यांत शिरतच नाही. पाणी आतून ढकलावे लागते.

कन्व्हर्टर (दट्ट्याने शाई ओढून भरायची काढता येणारी नळी) किंवा कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) काढा. निबेचा भाग साध्या किंवा कोमट पाण्यात धरा. रबरी फुग्याची छोटी पिचकारी निबेच्या भागाच्या मागच्या तोंडाला घट्ट लावून पाणी जोराने पुढे ढकला. पिचकारी नसेल तर कन्व्हर्टर लावून पाणी दहा-पंधरा वेळा आत ओढा आणि बाहेर सोडा. पाणी स्वच्छ दिसू लागले म्हणून थांबू नका. निब खाली करून टिशू पेपरच्या घडीवर पेन अर्धा तास उभे ठेवा. टिशू आतले पाणी ओढून घेतो, आणि त्यावर रंगाचा डाग आला तर शाई अजून आत आहे असे समजा. मग निबेचा भाग पेल्यातल्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, पाणी फक्त निब आणि फीड झाकेल इतकेच. वरची धातूची कडी पाण्यात राहिली तर तिचा मुलामा खराब होऊ शकतो.

नवे कोरे पेन पहिल्याच दिवशी अडत असेल तर कारखान्यात राहिलेले तेल हे नेहमीचे कारण. पेलाभर पाण्यात भांडी धुण्याच्या द्रव साबणाचा एकच थेंब टाकून त्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा, नंतर साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा. साबण आत राहिला तर शाईचा पृष्ठताण, म्हणजे तिच्या पृष्ठभागाला एकत्र धरून ठेवणारी ओढ, घटतो, पेन गरजेपेक्षा ओले चालते आणि अक्षरे फुटतात. लोकांना वाटते शाई वाईट निघाली.

शाई वाळून घट्ट बसली असेल तर एक भाग घरगुती अमोनिया, नऊ भाग पाणी आणि साबणाचा एक थेंब असे मिश्रण करावे. त्यात निबेचा भाग वीस-तीस मिनिटे ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. खिडकी उघडी ठेवा. ब्लीचचा संपर्क या मिश्रणाशी कधीही येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू तयार होतो. आत लोहयुक्त शाई असेल, म्हणजे जुन्या पद्धतीची, वाळल्यावर काळपट होणारी आणि पाण्याने न पुसली जाणारी, तर अमोनिया वापरायचाच नाही. अशा शाईतले लोह आम्लात विरघळलेले राहते आणि अमोनियाने ते साका होऊन खाचांत बसते. आधी साध्या पाण्याने धुवा, मग एक भाग पांढरे व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी यांत थोडा वेळ ठेवा, शेवटी पुन्हा पाण्याने धुवा. चिमूटभर ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्वाची पूड, पाण्यात विरघळवूनही हेच काम होते.

नेलपॉलिश काढायचे द्रव आणि स्पिरिट पेनापासून दूर ठेवा. ॲसिटोनने प्लॅस्टिक विरघळते, अल्कोहोलने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. उकळत्या पाण्याने एबोनाइटची (कडक केलेल्या रबराची) चकाकी जाऊन ते तपकिरी पडते.

धुतलेले पेन रात्रभर वाळू द्या. ओल्या पेनात शाई भरली तर पहिले पान फिकट येते, आणि तो नवा दोष समजून माणूस पुन्हा खटपट सुरू करतो.

एवढे करूनही फीड मोकळे होत नसेल तर निब आणि फीड बाहेर काढायचे. काही पेनांत निबेचा अख्खा संच आट्यांवर बसतो आणि फिरवून निघतो. काहींत निब आणि फीड नुसते दाबून बसवलेले असतात, ते सरळ ओढून काढायचे. आपले पेन कोणत्या प्रकारचे आहे हे कळल्याशिवाय जोर लावू नका. ओढण्यापूर्वी मोबाइलवर वरून आणि बाजूने फोटो काढून ठेवा. निब फीडच्या किती पुढे होती आणि कोणत्या कोनात बसली होती, हे परत बसवताना नेमके तिथेच पाहून मिळते. रबराच्या पातळ तुकड्यात निब आणि फीड एकत्र पकडा आणि सरळ रेषेत ओढा. फक्त निबेच्या टोकाला धरून ओढणे म्हणजे निब घालवणे. बाहेर काढलेले फीड मऊ ब्रशने घासा. खाचेत सुई किंवा टाचणी घालू नका. खाच किंचित रुंद झाली तरी तिची ओढ कमी होते आणि ते नुकसान भरून येत नाही.

शाईचा दोष

सगळ्या शाया सारख्या वाहत नाहीत. काही कोरड्या, काही ओल्या. हा फरक पृष्ठताणाचा आणि शाईत मिसळलेल्या द्रव्यांचा असतो, रंगाच्या गडदपणाचा नाही. फीड स्वच्छ, निब सरळ, तरीही पेन रखडते तेव्हा ओली म्हणून ओळखली जाणारी दुसरी शाई भरून पाहा. तीच शाई ठेवायची असेल तर पाच मिली शाई वेगळ्या कुपीत घ्या, काडीचे टोक द्रव साबणात बुडवून झटका आणि ते टोक शाईत एकदा फिरवा. एवढा साबण पुरे. मूळ बाटलीत हा प्रयोग करू नका, कारण घातलेला साबण परत काढता येत नाही.

पेनात शाई महिनाभर पडून राहिली तर तिच्यातले पाणी उडते आणि रंग उरतो. अक्षर नेहमीपेक्षा गडद आणि लिहिणे जड वाटू लागले तर हेच झाले आहे. कन्व्हर्टरमध्ये साधारण अर्धा ते एक मिली शाई मावते. तिच्यात डिस्टिल्ड पाण्याचे एक-दोन थेंब टाकले की तात्पुरते भागते. खरे तर ती शाई काढून पेन धुवावे.

दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत. एकीत आम्ल, दुसरीत अल्कली असेल तर रंग साका होऊन खाली बसतो, आणि बाटलीच्या तळाशी बसणारा तोच साका फीडमध्येही बसतो. एका कंपनीची निळी काढून दुसऱ्या कंपनीची काळी भरायची तरी मधे धुणे हवे. बाटलीत पांढरे तंतू तरंगताना दिसले किंवा कुबट वास आला तर बुरशी आहे. शाई टाकून द्या आणि त्या बाटलीतून भरलेली सगळी पेने धुवा, नाहीतर ती बुरशी पुढच्या बाटलीतही पोचते.

चित्रकलेची इंडिया इंक शाईपेनात कधीही भरू नका. तिच्यात लाखेसारखा चिकट पदार्थ असतो, तो वाळला की फीड कायमचे बुजते. शाईपेनासाठीच बनवलेल्या रंगकणांच्या, पाण्याने न पुसल्या जाणाऱ्या शाया चालतात, पण त्यांना पेनात वाळू देऊ नये. पेन रोज लिहिते ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांनी धुवावे.

शाई आहे, पण खाली येत नाही

कन्व्हर्टर उघडून पाहिला तर शाई मागच्या टोकाला चिकटलेली, पुढे तोंडाशी हवेचा मोठा बुडबुडा, आणि फीड कोरडे. बारीक नळीत पृष्ठताणामुळे शाई एका जागी अडकून बसते आणि बुडबुड्याला तिच्याशेजारून सरकता येत नाही. टिचकी मारली की शाई खाली येते, पण थोड्या वेळाने पुन्हा तेच. कन्व्हर्टर साबणाच्या पाण्याने आतून धुवा. नळीच्या भिंतीवर तेलकट थर असेल तर निम्म्याहून जास्त वेळा एवढ्याने सुटते. तरीही अडत असेल तर आत मोकळी फिरेल अशी स्टेनलेस स्टीलची एक बारीक गोळी टाका. पेन हलले की गोळी फिरते आणि बुडबुडा फुटतो. साध्या लोखंडाची गोळी गंजते आणि शाईचा रंग बिघडवते. काही कन्व्हर्टरांत ही गोळी किंवा छोटी स्प्रिंग आधीपासून असते.

कार्ट्रिज नवे लावले आणि शाई आलीच नाही, तर ते पुरते टोचले गेले नसावे. सरळ धरून, टक् असे जाणवेपर्यंत दाबा, मग निब खाली करून दहा मिनिटे ठेवा. घाई असेल तर कार्ट्रिजच्या मधोमध हलकेच दाबा, निबेवर थेंब दिसला की थांबा.

कन्व्हर्टरचे तोंड सैल झाले असेल तर बाजूने हवा आत शिरते, दाबाचा तोल सुटतो आणि शाई ओघळू लागते. सैल कन्व्हर्टर दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, बदला. दट्ट्या घट्ट फिरत असेल तर त्याच्या रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट थर द्या. व्हॅसलीन किंवा मशीनचे तेल लावू नका, खनिज तेलाने रबर फुगते.

आता निब

वरचे सगळे करून झाले, फीड ओले आहे, कागद बदलला, तरी रेघ तुटते. आता दहा पट दाखवणारे भिंग घ्या.

निब समोरून, टोक आपल्याकडे करून पाहा. टोकाचे दोन मणी, म्हणजे दोन पात्यांची गोलसर टोके, एका पातळीत हवेत. एक वर, एक खाली असेल तर निब टोचते आणि एका दिशेला अडते. वर आलेले पाते अंगठ्याच्या नखाने हळूच खाली दाबा, चार-पाच सेकंद धरा, सोडा, पुन्हा भिंगातून पाहा. एका वेळी केसभरच फरक पडायला हवा. पाते पलीकडे गेले तर दुसऱ्या बाजूने तेच करा, जोर मात्र वाढवू नका. स्टीलच्या निबेला थोडा जास्त दाब लागतो. सोन्याची निब मऊ असते आणि लगेच वाकते.

मग निब उजेडासमोर धरा. चिरेतून प्रकाशाची बारीक रेघ दिसावी आणि ती टोकाकडे निमुळती होत जवळजवळ मिटावी. रेघ अजिबात दिसत नसेल तर चीर फार घट्ट आहे आणि पेन कोरडे चालणार. उलट टोकाशीच फट मोठी असेल तर शाई तिथपर्यंत पोचून तुटते. दाबून लिहिण्याचा हा नेहमीचा परिणाम. चिरेत कागदाचा तंतू अडकला असेल तर ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी छिद्राकडून टोकाकडे एक-दोनदा सरकवा. घट्ट चीर किंचित मोकळी करायलाही हीच पट्टी वापरतात. ब्लेडने हे काम करू नका, चिरेच्या आतल्या कडा चरतात आणि शाई तिथे थबकते.

पहिली रेघ न उमटण्याचा दोष आता घेऊ. टोक जास्त गुळगुळीत करताना दोन्ही मण्यांच्या आतल्या कडा गोल झाल्या, तर मधे एक सूक्ष्म दरी तयार होते. शाई त्या दरीत वर थांबते, कागदाला टेकतच नाही. थोडे दाबले की टेकते आणि मग व्यवस्थित वाहते. म्हणूनच हे पेन जरा दाबल्यावर चालते आणि हलक्या हाताला चालत नाही. उपाय म्हणजे टोकाचा अगदी थोडा थर काढणे. १२००० ग्रिटचा मायक्रोमेश (अतिशय बारीक कणांचा घासकागद) सपाट ठेवा, पेनात शाई असू द्या, नेहमीच्या कोनात आणि पेनाच्या वजनाखेरीज कोणताही दाब न देता इंग्रजी आठाचे आकडे काढा. पाच-सहा आकडे झाले की कागदावर लिहून पाहा. टोकाला कठीण मिश्रधातूचा फार पातळ थर असतो. एकदा घासला गेला की तो परत येत नाही, आणि निब जितकी बारीक तितका थर कमी. महागड्या निबेवर हे पहिल्यांदा करून पाहू नये. स्वस्त निबेवर हात बसवावा.

निब आणि फीड यांच्यात फट पडली असेल तर शाई फीडपर्यंत येते आणि चिरेत चढत नाही. बाजूने पाहिले की फट दिसते. फीड एबोनाइटचे असेल तर निब आणि फीड जोडूनच उकळीच्या जरा खालच्या तापमानाच्या पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवा. बाहेर काढून फीड निबेला दाबून धरा आणि तसेच थंड पाण्यात न्या. फीडला नवा बाक येतो. पेनाचा बाकी भाग या पाण्याला लागू देऊ नका. प्लॅस्टिकच्या फीडवर हा उपाय चालत नाही. त्याला निब एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून पाहावे.

पेन गळते तेव्हा

ज्या पेनात शाई थेट दांड्यातच भरतात त्यांची ही मुख्य तक्रार. शाई एक तृतीयांशापेक्षा खाली गेली की उरलेल्या जागेत बरीच हवा असते. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला पुढे रेटते, निबेवरून थेंब पडतो. पेनात बिघाड नाही. शाई निम्म्यावर आली की भरा, आणि लिहिण्यापूर्वी पेन निब वर करून मिनिटभर हातात धरा, म्हणजे फुगलेली हवा शाईऐवजी फीडवाटे निघून जाते. दांडा जिथे फिरवून बसतो त्या आट्यांवर सिलिकॉन ग्रीस हवेच.

विमानात हेच कारण मोठे होते. केबिनमधला दाब साधारण २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका खाली जाऊ शकतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश. पेनात ३ मिली हवा असेल तर ती ४ मिलीच्या आसपास होते आणि ती जादा जागा शाईकडून घेते. पेन काठोकाठ भरून किंवा पूर्ण रिकामे करून, निब वर ठेवून न्यावे. टोपणात दिसणारी थोडी शाई पिशवीतल्या हिसक्यांनीही येते, ती गळती समजू नये. निबेच्या भागाला भिंगाने बारीक तडा दिसला तर मात्र तो भाग बदलायला हवा.

बॉलपेन आणि जेल पेन

बॉलपेनाच्या टोकाला बारीक गोळी असते आणि तिच्यामागे तेलाच्या आधाराची दाट शाई. लास्लो बिरो यांनी १९३८ साली बॉलपेनचे पेटंट घेतले तेव्हा अशा दाट शाईचाच विचार होता. इथे केशाकर्षणापेक्षा गोळी फिरणे महत्त्वाचे. शाई असून उमटत नसेल तर गोळी रुतली आहे. टोक कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवा, पुसा, मग खोडरबरावर किंवा बुटाच्या तळव्यावर गोल फिरवा. गुळगुळीत कागदावर गोळी घसरते, रबरावर फिरते. काडी पेटवून टोक तापवू नका, गोळीभोवतीची पितळी कड ढिली होते आणि नंतर शाईचे गोळे पडू लागतात. रिफिलचे मागचे तोंड बुजलेले नाही ना तेही पाहा, कारण हवा इथेही आत जायलाच हवी.

बॉलपेन आणि जेल पेन दोन्ही भिंतीवर किंवा छताकडे टोक करून लिहिले की गोळीवाटे हवा शोषतात आणि शाईचा दुवा तुटतो. जेल पेन टोकावर आपटले तरी तेच होते. रिफिलमध्ये टोकाजवळ रिकामी जागा दिसली तर पेन कापडात गुंडाळा, दोरीला घट्ट बांधा, टोक बाहेरच्या बाजूला ठेवा आणि मोकळ्या जागी दहा-वीस वेळा गरगर फिरवा. शाई पुन्हा टोकाशी येते. जेल शाईच्या मागे जो पारदर्शक घट्ट थर दिसतो तो शाई वाळू नये म्हणून असतो, तो काढू नका.

खोडता येणाऱ्या काही जेल शायांचा रंग ६० अंश सेल्सिअसच्या वर नाहीसा होतो, कारण त्या घासण्याच्या उष्णतेनेच खोडल्या जातात. उन्हात उभ्या गाडीत पेन राहिले आणि नंतर ते लिहीतच नाही असे वाटले, तर शाई येते आहे पण दिसत नाही. रिफिल एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवा, उणे १० ते उणे २० अंशांना रंग परततो. लिहिलेले कागद तसेच कोरे झाले असतील तर तेही फ्रीझरमध्ये ठेवून पाहा.